ल्युसीनच घातलं होतं, ताई

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, बायकोच्या नाही. दोन पेग झाल्यावर मी काय काय बोलतो ते आमच्या न्हावऱ्यात सगळ्यांना माहितीय, पण तेव्हासुद्धा हे तोंडातून निघालं नाही. आता भराभर टाइप करतोय. चुका झाल्या तर होऊ द्या. मागं वळून वाचलं की पुसून टाकीन — ओळखतो मी मला.

शिरूरला एसटी स्टँडजवळ एका सायबर कॅफेत बसलोय. गुरुवार आहे, कंपनीला सुट्टी. मुद्दाम कोपऱ्यातला कॉम्प्युटर घेतला, पाठ भिंतीला. तरी मालक मघापासून इकडून चकरा मारतोय. कशाला? पंखा बघायला? मागं दोन पोरं गेम खेळतायत, त्यातला एक मान वळवून बघतो. काय बघतो? मला हल्ली सगळ्यांचाच संशय येतो. पूर्वी मी असा नव्हतो. म्हंजे — नव्हतो ना? तिथूनच तर सगळं सुरू होतं.

पण आधी काम सांगतो. त्याशिवाय कळायचं नाही. आन् खरं सांगू? ते काम मला अजून लय आवडतं.

एमएस्सी झाली आन् सणसवाडीत एका छोट्या रिसर्च कंपनीत लागलो. बाहेरून बघितलं तर पत्र्याचं गोडाऊन वाटेल. आत आम्ही माळा ओवायचो. हसू नका, खरंच माळा. पेप्टाइड म्हंजे काय, तर अमिनो ॲसिडची माळ. एकाला एक मणी जोडत जायचं. आता आम्हाला एक माळ नको असायची, हजारो लागायच्या, सगळ्या वेगवेगळ्या — त्यातली एखादी तरी औषधाच्या कामाची निघंल म्हणून. मग युक्ती अशी : खसखशीएवढे प्लास्टिकचे दाणे घ्यायचे, त्यांचे वाटे करायचे. एका वाट्याला हा मणी जोडायचा, दुसऱ्याला तो, तिसऱ्याला आणखी वेगळा. मग सगळे दाणे एकत्र कालवायचे. परत वाटे, परत मणी, परत कालवण. असं करत गेलं की प्रत्येक दाण्यावर एक वेगळीच माळ तयार. कसलं भारी आहे ना! ह्या सगळ्या ढिगाला आम्ही लायब्ररी म्हणायचो.

आमच्या आबांकडं पूर्वी मेंढरं होती. आता कांदा आन् दोन गायी. पण मेंढरं होती तेव्हा दोन कळप वाड्यात एकत्र आले की सकाळी वेगळे करायला पाठीवरच्या रंगाची खूण असायची. आमच्या दाण्यांवर खूण नव्हती. कालवल्यावर कुठल्या दाण्यावर कुठली माळ, देवालाही ठाऊक नाही.

देवाला नाही, पण उज्ज्वलाताईंना ठाऊक व्हायचं.

उज्ज्वलाताई म्हंजे मास मशीनवाल्या. मास स्पेक्ट्रोमीटर — रेणूचं वजन करणारं मशीन. क्लायंटचं प्रोटीन रंग लावून आमच्या दाण्यांवर ओतायचं. ज्या दाण्याची माळ त्याला चिकटली तो दाणा रंगायचा. तो ताई चिमट्यानं उचलणार, माळ सुटी करणार, मशीनला देणार. मशीन माळ तोडतं आन् तुकड्यांची वजनं सांगतं. एका तुकड्यातनं दुसरा वजा केला की मधला मणी कळतो. ताई स्क्रीनकडं बघत मणी बोलून दाखवायच्या, एकामागं एक, बाराखडी म्हणावी तशा. मी काम सोडून ऐकत उभा राहायचो. "संदीप, तोंड मीट, माशी जाईल," म्हणायच्या.

राहू गावच्या होत्या त्या. बौद्ध वस्तीतल्या, घरात सायन्स घेतलेल्या पहिल्याच. सणसवाडीत खोली करून राहायच्या, सुट्टीला राहूची एसटी. मला धाकट्या भावासारखं वागवायच्या. डब्यातली शेंगदाण्याची चटणी अर्धी माझीच. पुढं पीएचडी करायचं त्यांच्या डोक्यात होतं, आन् कंपनीच्या साहेबांनी "बघू, तुझं काम बघून पुढं शब्द टाकू" असं सांगितलेलं. एवढ्या एका वाक्यावर ती बाई जगत होती. हे मला माहिती होतं. हे लक्षात ठेवा — मला माहिती होतं.

आता ह्या सगळ्यात एक फट आहे. एकच.

ल्युसीन आन् आयसोल्युसीन. दोन मणी. दोघांत अणू तेच, तेवढेच, फक्त एक फांदी वेगळ्या जागी फुटलेली. वजन अगदी सारखं. पावडर पांढरी, दोन्ही. बाटली तीच, झाकण तेच. आमचं मशीन वजनावरनं ओळखणारं — एकाच वजनाची दोन मेंढरं काट्यावर चढवली तर काटा काय सांगणार? म्हणून साहेबांचा नियम होता : लायब्ररीत आयसोल्युसीन घालायचंच नाही. त्याची बाटली दुसऱ्या कामाच्या फ्रिजमध्ये. मग मशीनवर ते वजन आलं की डोळे झाकून ल्युसीन म्हणायचं. ताई तसंच म्हणायच्या. सगळे तसंच म्हणायचे. त्या नियमावर लॅब उभी होती.

त्या दिवशी दुसरा फ्रिज बंद पडला होता. लाइट येऊन-जाऊन होती, त्यातच तो गेला. त्यातल्या सगळ्या बाटल्या कुणीतरी आमच्या फ्रिजमध्ये आणून कोंबल्या. मला घाई होती. कसली? पोरगी बघायला जायचं होतं, पाहुण्यांनी संध्याकाळची वेळ दिलेली. हे कारण म्हणून सांगत नाहीये. घाई होती, एवढंच. तिसऱ्या मण्याची पाळी होती. ल्युसीनची समजून बाटली काढली, वजन केलं, विरघळवलं, ओतलं. मणी जोडला गेला का बघायची रंगाची टेस्ट असते, तीही पास. बाटली परत ठेवताना लेबल वाचलं.

आयसो.

आता वाटंल हीच ती गोष्ट. चूक झाली, पोरगं घाबरलं, गप्प बसलं. नाही हो. चूक कुणाचीही होते. तेव्हा दाणे अजून कालवले नव्हते. कळतंय का? वाटे वेगळेच होते. तो एक वाटा बाजूला काढून सांगितलं असतं, "सर, घोळ झाला," तर काय झालं असतं? शिव्या. फार तर काम पुढं ढकललं असतं. आन् माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? 'काय केलं मी हे' — हे नाही आलं. 'मशीनला कळणार नाही' — हे आलं. पहिलं हेच.

आन् मी कालवलं. स्वतःच्या हातानं, सगळे वाटे एकात. मग पोरगी बघायला गेलो. पोहे खाल्ले. चांगले होते.

पुढं लायब्ररी पूर्ण झाली, क्लायंटच्या प्रोटीननं दाणे रंगले, एकदम गडद, असे आधी कधीच रंगले नव्हते. ताईंनी वाचलं — तिसऱ्या जागी ल्युसीन, प्रत्येक रंगलेल्या दाण्यावर. साहेबांनी पेढे आणले. ताईंच्या हातात पहिला पेढा. मी टाळ्या वाजवत होतो. डोक्यात ते लेबल, हातानं टाळ्या. माणूस दोन्ही करू शकतो एका वेळी, मला तेव्हा कळलं.

क्लायंटनं तीच माळ मोठ्या प्रमाणात करून बघितली. ताईंनी वाचली तशी, ल्युसीनची. ती चिकटंचना. प्रोटीन तिच्याकडं बघायलाही तयार नाही.

मग लॅबची हवाच बदलली. साहेब एकेकाला केबिनमध्ये बोलवून दार लावायला लागले. बाहेर आलेला माणूस नजर देत नसे. डबे एकत्र खायचे बंद. कुणी कुणाच्या टेबलाजवळ उभं राहिलं तरी बाकीचे बघायचे. आमच्यातला प्रवीण — सिंथेसिसला माझ्या शेजारी असायचा, बडबड्या — चहाच्या टपरीवर म्हणाला, "मला तर आधीपासनंच डाउट होता मशीनवर. म्हंजे मशीनवर नाय, मशीनवालीवर. सवलतीत पास झालेल्यांच्या हातात एवढं महागाचं मशीन दिलं की आसंच व्हायचं."

आन् हसला. आन् मी हसलो.

माझ्या दाखल्यावर काय लिहिलं होतं? मी कुठल्या यादीतनं ॲडमिशन घेतली होती? प्रवीणला माहिती नव्हतं, कारण माझ्या आडनावावरनं चटकन कळत नाही. मी हसलो, जोरात, आधी त्याच्याकडं बघून आन् मग आजूबाजूला बघून — कुणी माझ्याकडं बघतंय का.

संशय कुणावर पडावा ह्याचा पण एक उतार असतो बघा. पाणी जसं जातं तसा तो जातो. मला उतार दिसत होता. मी फक्त बांध घातला नाही — असं लिहायला बरं वाटतं. पण थांबा, अजून आहे. मी चर पण खोदला.

ताई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी जपून ठेवलेला एक रंगलेला दाणा घेतला, त्याची माळ सुटी केली. क्लायंटकडनं परत आलेली माळ घेतली. दोन्ही मशीनला द्यायच्या आधी एका बारीक नळीतनं सोडल्या. त्या नळीत कोण लवकर बाहेर पडतं, कोण उशिरा, ते दिसतं. वजन दोघींचं सारखं. पण दाण्यावरची माळ जरा आधी बाहेर पडायची. परत केलं, परत तसंच.

मग त्या माझ्याकडं आल्या. लॅबच्या मागं, जनरेटर असतो तिथं. आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून असेल. माझ्याच अब्रूसाठी, आता कळतं.

"संदीप, रागावणार न्हाई मी. तिसऱ्या मण्याला ल्युसीनच घातलं होतंस ना?"

"ल्युसीनच घातलं होतं, ताई."

"बघ बरं आठवून. त्या टायमाला फ्रिज बंद पडला होता."

"आईशप्पथ, ताई." शपथ त्यांनी मागितली नव्हती. मीच दिली.

त्या म्हणाल्या, "बरं. मग माझंच कायतरी चुकतंय." आन् गेल्या. विश्वास ठेवून गेल्या का काय समजून गेल्या? मला माहिती नाही. आजही माहिती नाही.

पण त्यांनी साहेबांकडं एक मागणी केली, आन् तीच — तीच माझी खरी गोष्ट आहे. त्या म्हणाल्या, एक माळ नवी करून बघू, तिसऱ्या जागी मुद्दाम आयसोल्युसीन घालून. ती जर दाण्यावरच्या माळेबरोबर त्याच वेळेला बाहेर पडली तर गोष्ट सिद्ध. साहेब आधी चिडले. "स्वतःचं दुसऱ्यावर ढकलतेस?" म्हणाले. मग म्हणाले, एकदाच. संदीप करंल माळ.

संदीप करंल.

इथं टायपिंग थांबलं होतं माझं. मालक परत येऊन गेला. पाणी प्यालो.

मी ती माळ केली. शांतपणे, दारं-खिडक्या उघड्या, भर दुपारी. दोन्ही बाटल्या समोर ठेवल्या होत्या. ह्या वेळी लेबल नीट वाचलं. एवढं नीट मी आयुष्यात लेबल वाचलेलं नाही. आन् आयसोल्युसीनची बाटली झाकण लावून बाजूला ठेवली, आन् ल्युसीन घातलं. मग कुपीवर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं — आयसोल्युसीन. मशीनला कळणार नाही. वजन सारखंच.

पहिल्यांदा चुकून. दुसऱ्यांदा मुद्दाम. हे आहे. हेच सांगायचं होतं.

कुपी ताईंच्या हातात दिली. "थँक्यू रे," म्हणाल्या. साहेब मागं उभे होते, प्रवीण होता. ताईंनी तिन्ही माळा चालवल्या. स्क्रीनवर क्लायंटची माळ आन् माझी माळ — एकावर एक. तंतोतंत. दाण्यावरची माळ एकटीच पुढं. साहेब म्हणाले, "बघ. आयसोल्युसीन पण नाही. म्हणजे दाणाच तू घाण केलास, नाहीतर वाचायला चुकलीस. संपला विषय."

ताई स्क्रीन बघत होत्या. आता तुम्हीच विचार करा — ल्युसीन आन् आयसोल्युसीन, वजन सारखं असलं तरी नळीतनं तंतोतंत एकाच वेळी कशाला बाहेर पडतील? थोडा तरी फरक पडायलाच पाहिजे. एवढा एकजीवपणा बघून ज्याला काम येतं त्याला एकच गोष्ट सुचणार. दोन्ही एकच आहेत. त्यांनी मान वळवली, माझ्याकडं बघितलं. मी कुपीकडं बघितलं.

साहेबांना कळलं नसेल? पीएचडी माणूस. का त्यांना विषय संपवायचाच होता, क्लायंटला एक नाव पाहिजे होतं? प्रवीणनं कोपरानं का ढोसलं मला? कधीकधी वाटतं सगळ्यांनाच कळलं होतं. हा संशय मला बरा वाटतो. वाटणी होते ना मग. म्हणूनच त्या संशयावर माझा विश्वास नाही.

नंतर साहेबांनी मला केबिनमध्ये विचारलं, "उज्ज्वलाचं काय चाललंय हल्ली?" मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "ताईंच्या वडलांचं बरं नसतं सर, घरनं फोन येत असतात. लक्ष नसतं थोडं." खरंच होतं ते, वडील आजारी होते. मला डब्यावर बसून सांगितलेलं, दुसऱ्या कुणाला नाही. खरं बोलूनसुद्धा माणसाला बुडवता येतं. तो चर म्हणालो ना, तो हा.

ताई गेल्या. काढलं असं कुणी म्हणालं नाही, "बघा आता तुम्हीच" असं म्हणाले. जाताना त्यांनी मशीनवरची धूळ पुसली, कव्हर घातलं. चटणीची बाटली माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. पीएचडीचा शब्द साहेबांनी टाकला नाही. कसा टाकतील?

मशीन मला मिळालं.

अजून मीच चालवतो. चांगला चालवतो, सगळे म्हणतात. मणी बोलून दाखवतो, एकामागं एक. ते वजन स्क्रीनवर आलं की मी म्हणतो, ल्युसीन. नवीन पोरं बाटल्या काढताना मी मागं जाऊन उभा राहतो. लेबल परत वाचायला लावतो. त्यांना वाटतं सर फार काळजी घेतात. मला त्यांच्यावर विश्वास नाही. प्रत्येकात मला कोण दिसतो, सांगायला पाहिजे का?

मागच्या उन्हाळ्यात चौफुल्याला गाडी बदलायला उतरलो होतो. स्टँडवर ताई. हातात वह्यांचा गठ्ठा, तपासायच्या असतील. राहूत क्लास घेतात दहावीच्या पोरांचे, हे मला कुणीतरी सांगितलेलं. मी खांबाच्या आड सरकलो. त्यांनी बघितलंच.

"अरे संदीप! किती वाळलास रे. लग्न झालं म्हणं?"

"व्हय ताई. झालं."

"आबा बरे हायेत ना? कांदा काढला का?"

"काढला की. तुमचे वडील —"

"गेले ते. दोन पावसाळे झाले." मग शिरूरची गाडी लागली, माणसं धावली. त्यांनी पिशवी काखेत मारली आन् अगदी साधेपणानं विचारलं, "मशीन नीट चाललंय ना रे?"

कसं विचारलं ते? मी हजार वेळा आठवून बघितलंय. टोमणा होता का? का खरंच त्या मशीनची आठवण येत होती त्यांना, माहेरची येते तशी? दोन्हींचं वजन सारखंच लागतं. मला वेगळं काढता येत नाही.

"चाललंय ताई," म्हणालो, आन् गाडीत चढलो. बसायला जागा मिळाली.

उज्ज्वलाताईंनी त्या दाण्यावरचं वजन बरोबर वाचलं होतं. त्यांची शंकाही बरोबर होती. आयसोल्युसीन मी घातलं होतं. आन् दुसऱ्या वेळी, त्यांच्या माळेत, घालायचं असताना घातलं नाही, तेही मीच.